लिफ्टमधल्या टिकल्या

मी आंधळी आहे. दृष्टिहीन म्हणा, दिव्यांग म्हणा, तुमच्या तोंडाला जे गोड लागेल ते म्हणा, मला काही फरक पडत नाही. लहानपणीच तापात डोळे गेले, त्यामुळे उजेड कसा असतो ते मला आठवतच नाही, आणि त्याचं दुःख करत बसायला सवडही कधी मिळाली नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी रिटायर होईपर्यंत टेलिफोन ऑपरेटर होते. बोर्डावरची बटणं बोटांना पाठ होती, आणि कुठला साहेब घरी भांडून आलाय ते नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला कुणी 'बिचारी' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तर ही गोष्ट बटणांची. म्हणजे बटणं गेली, त्याची.

ठाकुर्लीला आमची जुनी तीन मजली बिल्डिंग होती. पहिल्या मजल्यावर आईवडिलांचं घर. ते दोघं गेल्यावर तिथे मी एकटीच राहत होते आणि मजेत राहत होते. मग बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळे बिऱ्हाडं घेऊन इकडेतिकडे पांगले. दादा म्हणाला, "भाड्याची खोली कशाला शोधतेस? टॉवर उभा राहीपर्यंत माझ्याकडे ये."

दादा माझा थोरला भाऊ. माजिवड्याला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो, तो आणि वहिनी दोघंच. मुलगा परदेशात. मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने आईबाबांना सुख म्हणून अख्खं घर 'स्मार्ट' करून दिलं होतं. पंख्याची, दिव्याची बटणं काढून तिथे काचेच्या पाट्या बसवल्या. वॉशिंग मशीनला काच. ओट्यावर काचेची शेगडी, तिलाही ना खटका ना काही. पोळपाटासारखी सपाट.

पहिल्या दिवशी सकाळी उठून मी माझ्या चहाला लागले. शेगडी कुठे आहे ते हाताने बघत होते, तोच टुंई टुंई टुंई! काय चालू झालं, काय बंद झालं, देव जाणे. मी हात झटकन मागे घेतला, परत लावला, परत टुंई. वहिनी आतून धावत आल्या. "वन्सं, राहू द्या, राहू द्या! मी करते. तुम्ही बसा."

डोळसांच्या हे लक्षातच येत नाही, म्हणून फोड करून सांगते. माझं बोट आधी विचारतं, मग करतं. जुन्या शेगडीचा खटका मी आधी चाचपणार, कुठल्या बर्नरचा आहे ते बघणार, मग फिरवणार. काचेला विचारायची सोयच नाही. हात लागला की तिला वाटतं हुकूम झाला. म्हणे 'टच'! नाव स्पर्शाचं आणि कामं सगळी डोळ्यांची.

आता कुणी म्हणेल, बाईला नवीन काही नकोच आहे. अजिबात नाही हं. माझा मोबाइलही काचेचाच आहे आणि त्याच्यावाचून माझं पान हलत नाही. पण तो शहाणा आहे. बोट ठेवलं की आधी बोलून सांगतो, इथे अमुक आहे. दोनदा टकटक केलं की मगच उघडतो. माझी पत्रं, माझं बँकेचं पासबुक, शेजारच्यांचे मेसेज, जन्मभर दुसऱ्यांकडून वाचून घेतलेलं सगळं तो हळूच माझ्या कानात वाचतो. मोबाइल आला त्या महिन्यात मी आनंदाने अक्षरशः रडले होते. म्हणजे करता येतं. पण शेगडी बनवणाऱ्याला आणि लिफ्ट बनवणाऱ्याला ते सुचत नाही, त्याला मी काय करू?

माजिवड्याला मी बसले. शब्दशः. "वन्सं, पंखा लावायचाय? बसा, मी लावते." "कपडे? बसा, मी टाकते." "चहा? बसा हो, आणते." बाल्कनीत खुर्ची, खाली हायवेवरच्या गाड्यांची घरघर, आणि मी. वहिनी प्रेमळच आहेत, त्यांना नावं ठेवणार नाही. पण तो 'बसा' ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आयुष्यभर नोकरी केलेली बाई मी, आणि घोटभर चहासाठी कुणी मोकळं होण्याची वाट बघत बसायची! दार उघडं होतं, कुणी कोंडलं नव्हतं, पण माझ्या हाताने करण्यासारखं त्या घरात काहीच उरलं नव्हतं. बाथरूममध्ये नळ सोडून मी कितीदा रडलेय. तो नळ तेवढा जुना होता.

आणखी एक गोष्ट मला सलायची. वहिनी स्वयंपाकघरात असल्या की सारखा एक आवाज यायचा. गाऊनला खसाखसा हात पुसल्याचा. मग टुंई. मग "हं" असा सुस्कारा. परत खसाखसा, परत टुंई, परत सुस्कारा. दिवसातून इतक्या वेळा, की मला वाटायचं, ह्यांना माझा कंटाळा आलाय. बोलून दाखवत नाहीत, सुस्कारे टाकतात. कुणाच्या घरात इतकी वर्षं राहायचं म्हणजे दुसरं काय होणार?

शेवटी टॉवर झाला एकदाचा. माझा फ्लॅट सातव्या मजल्यावर. चाव्या मिळाल्याचं कळताच मी बॅग भरायला घेतली, आणि दादाचं सुरू झालं. "एकटी राहणार? सातव्या मजल्यावर? अगं, तिथली लिफ्ट बघितलीस का?"

"बघितली नाही," मी म्हटलं. "बघायची माझी पद्धत नाही."

"चेष्टा नको. अख्खी काच आहे तिथे. तुला येता-जाता कोण बटण दाबून देणार? उद्या काही झालं तर लोक मला बोलतील."

असं दोनचार दिवस वाजलं आमचं. शेवटी त्यानेच तोड काढली. "ठीक आहे, राहून बघ. दसऱ्याला आम्ही दोघं तुझ्याकडे जेवायला येतो. तोपर्यंत तुझं तुला जमलं, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर बॅग भरायची आणि मुकाट्याने परत यायचं. फ्लॅट भाड्याने देऊ."

"मंजूर," मी म्हटलं. मुकाट्याने हा शब्द मला कधी लागू पडलेला नाही, तरी म्हटलं.

नव्या घरात मी पहिली आणली ती शेगडी. खटक्यांची. ट्रॉल्या बसवणाऱ्या माणसाने खूप समजावलं, मॅडम आजकाल हे कोणी घेत नाही, फिनिशिंग जातं. म्हटलं, भाऊ, फिनिशिंग तुम्ही घरी न्या, मला खटके द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हाताने खटका फिरवला, लायटर मारला, आलं ठेचून चहा टाकला आणि ओट्याला टेकून उभ्यानेच प्यायले. इतका चांगला चहा मी कित्येक वर्षांत प्यायले नव्हते.

पण लिफ्टबद्दल दादाचं खरं होतं. खाली वॉचमन होता, तो वर जायचं बटण दाबून द्यायचा. प्रश्न खाली उतरण्याचा. बाहेर वर-खाली अशी दोनच बटणं, ती मी लक्षात ठेवली. आत मात्र गुळगुळीत काच. मजले, दार उघडा, दार बंद, घंटा, सगळं त्या एका काचेत. एकदा चाचपायला गेले तर निम्मे मजले लागले, आणि आतली बाई फणकारली, "अहो, काय करताय?" मग मी दाराशी उभी राहून कुणाची पावलं वाजतात का ऐकायला लागले. दूध आणायचंय, उभी. भाजी आणायचीय, उभी. दुपारी तर मजल्यावर चिटपाखरू नसतं. जिन्याने एकदा उतरले. गुडघ्यांनी आठवडाभर सूड उगवला. माजिवड्याच्या बाल्कनीतून उठून मी ठाकुर्लीच्या पॅसेजमध्ये येऊन अडकले होते, एवढाच काय तो फरक. आणि दसरा जवळ येत होता.

सेक्रेटरींना सांगितलं, लिफ्टला मजला बोलून सांगणारी सोय करा, नाहीतर उठावदार आकडे तरी लावा. ते म्हणाले, "मॅडम, कंपनीला मेल टाकलाय." ते बिचारे रोज मेल टाकत होते.

उपाय सापडला तो बाथरूमच्या आरशावर. आंधळ्या बाईला आरसा कशाला, असं वाटेल तुम्हाला. टिकल्या चिकटवायला! आमच्या आईची सवय, आंघोळीला जाताना कपाळावरची टिकली काढून आरशाला लावायची. तीच मला लागली. त्या दिवशी टिकली घ्यायला हात नेला आणि बोट बरोब्बर तिच्यावर पडलं. मी तशीच ओल्या केसांनी उभी राहिले. म्हटलं, अगं मूर्ख बाई, ही पण काचच आहे की!

शेजारणीला घेऊन लिफ्टमध्ये गेले. काचेवर टिकली लावून उपयोग नव्हता; ती शोधतानाच दहा मजले लागले असते. पण काचेच्या कडेला बोटभर रुंद स्टीलची पट्टी होती, तिला हात लावला तर काही होत नव्हतं. शेजारणीने बघून सांगितलं, मी त्या पट्टीवर टिकल्या लावल्या. सातव्याशेजारी खड्याची, तळमजल्याशेजारी साधी मखमली, घंटेशेजारी आईच्या वेळची मोठी गोल. आता बोट पट्टीवरून खाली सरकवायचं, टिकली लागली की आडवं काचेवर न्यायचं, बस. पहिल्यांदा एकटी खाली उतरले तेव्हा वॉचमनने विचारलं, "ताई, कोणी आणलं तुम्हाला?" मी म्हटलं, "टिकलीने." त्याला वाटलं, टिकली म्हणून कुणी मुलगी आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'लिफ्टमध्ये टिकल्या चिकटवू नयेत, नव्या वास्तूची शोभा जाते.' माझ्या मोबाइलने तो मला व्यवस्थित वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी टिकल्या गायब. शेजारणीला घेऊन मी नव्या लावल्या. त्या काढल्या, मी परत लावल्या. मग मी ग्रुपवर माझ्या ऑपरेटरच्या आवाजात बोलून पाठवलं: "शोभा बघणाऱ्यांनी बघावी. मला ती दिसत नाही. मला दूध आणायचं असतं." त्यानंतर टिकल्या जागेवर राहिल्या. मी भाजीला जाऊ लागले, बँकेत जाऊ लागले, संध्याकाळी उगाचच खाली जाऊन बाकावर बसू लागले. म्हटलं, आता येऊ दे दसरा.

दसऱ्याला सकाळी पुऱ्यांची कणीक भिजवून ठेवली, बटाट्याची भाजी केली, श्रीखंड फ्रिजमध्ये होतं. नवी साडी नेसले. दादाचा फोन आला, "पोचतोच आहोत, येऊ ना वर?"

"थांब खाली," मी म्हटलं. "मी येते तुम्हाला घ्यायला."

गरज नव्हती. पण मला मिरवायचं होतं. मी एकटी लिफ्टमधून बाहेर पडणार, त्यांना आत घेणार आणि माझ्या बोटाने सातवा मजला लावणार. दादाला मला ते दाखवायचं होतं.

लिफ्टचं दार उघडलं तसा झेंडूचा वास आला. हळदीचा, ओल्या कुंकवाचा, उदबत्तीचा. मला हसू आलं. महिला मंडळाने लिफ्टची पूजा केली होती. दसऱ्याला यंत्रांची पूजा होणारच. कारखान्यात मीसुद्धा दर वर्षी माझ्या बोर्डाला हळदकुंकू वाहायचे. दार बंद झालं आणि मी पट्टीवर बोट ठेवलं.

पट्टी ओली होती. स्वच्छ, घासूनपुसून गुळगुळीत. बोट वरून खाली नेलं, खालून वर नेलं. एकही टिकली नाही. पूजेआधी बायकांनी लिफ्ट पुसून काढली होती, मनोभावे. पट्टीशेजारी काचेवर ओला हार लोंबत होता आणि कुंकवाचे बोटबोट ठिपके ओघळले होते. मी हार बाजूला करायला गेले आणि सुरू झालं. टुंई, टुंई, टुंई, टुंई. लिफ्ट खाली जायच्या ऐवजी वर निघाली. दार उघडलं. "कुणी आहे का?" कुणी नाही. दार बंद. खाली. दार उघडलं. "अहो, कुणी आहे का?" घरात सगळ्यांच्या पुऱ्या तळल्या जात होत्या, कोण ऐकतंय! परत दार बंद, परत हिसका, आणि मधेच कुठेतरी ती धाप लागल्यासारखी थांबली.

घंटा कुठे आहे? काचेत. काच कुठे आहे? सगळीकडे. मी दोन्ही हातांनी चाचपलं, थापट्या मारल्या. आता टुंईसुद्धा होईना. मोबाइल म्हणाला, नेटवर्क नाही. माझे हात कुंकवाने बरबटले होते, नव्या साडीला लागले असणार. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा जास्त राग आला. ह्या क्षणी, ह्या दिवशी, आणि खाली दादा उभा! मी दारावर मुठी आपटल्या आणि ओरडले.

खालून आवाज आला, "अगं, तू आहेस का आत?"

दादाच. दुसरं कोण असणार.

"घाबरू नकोस! वॉचमन किल्ली आणतोय!" आणि त्याच्यामागून वहिनींचा कळवळलेला आवाज, "वन्सं, उभ्या राहू नका! खाली बसा! बसून घ्या हो!"

"नाही बसणार!" मी अशी किंचाळले की खाली सगळे गप्प झाले. मग मला रडूच कोसळलं. पण दार उघडेपर्यंत मी उभीच राहिले.

चौथ्या मजल्याच्या जरा खालून मला ओढून काढलं. लिफ्ट बंद, म्हणून पुढचं जिन्याने. दादा धापा टाकत बोलत होता. "बघितलंस? हेच म्हणत होतो मी. जेवण झालं की बॅग भर. आपलं ठरलं होतं." ठरलं तर होतंच. कठडा धरून चढत राहिले, आणि प्रत्येक पायरीला मला ती माजिवड्याची खुर्ची आठवत होती.

घरात आल्यावर दादा सोफ्यावर बसून मुलाला फोन लावू लागला, "आत्याला परत घरी नेतोय रे." मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. वहिनी मागोमाग आल्या. "चहा टाकते आधी. वन्सं, तुम्ही ब..." आणि मधेच थांबल्या.

त्यांनी खटका फिरवला. लायटर मारला. भुस्स करून गॅस पेटला. मग त्यांनी तो बंद केला. परत फिरवला, परत पेटवला. परत बंद. मला कळेना, काय चाललंय.

"एका झटक्यात पेटतो हो," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला होता. "आमची ती मेली काच ओल्या हाताला ओळखतच नाही. पाणी लागलं, कणीक लागली, की अडून बसते. हात पुसा, परत लावा. चष्मा घातला तर वाफ धरते, काढला तर खुणा दिसत नाहीत. एवढ्या वर्षांचा माझा स्वयंपाक, आणि दूध उतू जाताना मी नुसती टकटक करत उभी! मुलाने हौसेने बसवलंय, बोलणार कुणाला? तुमच्यासमोर रोज अब्रू जायची. म्हणून तुम्हाला बाहेर बसवत होते. मला वाटायचं, तुम्ही म्हणाल, हिला डोळे असून जमत नाही."

ते सगळे सुस्कारे! मी भिंतीला टेकले.

"म्हटलं असतंच मी," मी म्हणाले. "माझं तोंड तुम्हाला माहीत नाही का?"

त्या रडता रडता हसायला लागल्या. मग मीही.

पुऱ्या आम्ही दोघींनी तळल्या. पानावर बसल्यावर दादा म्हणाला, "संध्याकाळच्या आत निघू या. बॅग भरायला किती वेळ लागेल तुला?"

"बॅग नाही भरायची त्यांनी," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे? आणि लिफ्ट? परत अडकली तर?"

"तर अडकेन," मी म्हटलं. "आज घटकाभर अडकले, तर तू वॉचमनला पळवलंस. तुझ्या घरी मी रोज अडकलेली असायचे, तेव्हा तू बाल्कनीत येऊन विचारायचास, छान वारा आहे ना."

दादाच्या पानातून पुरीचा तुकडा मोडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "श्रीखंड वाढ थोडं."

दुपार कलता लिफ्टवाला येऊन गेला. म्हणाला, पॅनलमध्ये पाणी गेलेलं. ती सुरू झाल्यावर मी त्यांना सोडायला खाली निघाले. वहिनींनी टिकल्यांची पाकिटं आपल्या हातात घेतली. "खड्याची कुठे? आणि साधी?" मी सांगितलं, त्यांनी पट्टी कोरडी पुसून एकेक दाबून बसवली. मी बोट सरकवलं, मखमल लागली, आडवं नेलं. लिफ्ट मुकाट्याने खाली गेली.

गाडीपाशी आल्यावर पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. "वन्सं, हे एक पाकीट मी नेते. आमच्या शेगडीला, काचेच्या कडेला ग्रॅनाइटवर लावेन."

"शेगडीला टिकल्या?" दादा म्हणाला. "लोक हसतील. आण इकडे, मी बघतो काय ते. मुलाला विचारून..."

"तुम्ही बसा," वहिनी म्हणाल्या. "गाडीत जाऊन बसा."